पाळण्याची पोचपावती

सकाळी नऊच्या ठोक्याला ओलाया कामावर हजर व्हायची. कार्ड यंत्रात सरकवायची, कोट खुर्चीच्या पाठीला अडकवायची, फोनशेजारची वही उघडायची आणि दुपारी दोनपर्यंत पाळणे विकायची. पाळणे, बाळांची कपाटं, जेवायच्या उंच खुर्च्या. ‘कुना नोर्ते’ कंपनीचं सूचीपत्र चकचकीत होतं, गिऱ्हाइकं पार काडिझपर्यंत पसरली होती, आणि पाच महिन्यांत तिनं त्या मालातली लाकडाची एक ढलपीसुद्धा पाहिली नव्हती.

पाहणार कुठून? पाळणे नव्हतेच. कंपनीही नव्हती. शिक्षण झालं, नोकरी मात्र लागेना, अशा पोरांसाठी काढलेला तो एक वर्ग होता, सामा गावात, नदीकाठच्या जुन्या शाळेच्या वरच्या मजल्यावर. कामाची सवय लागावी म्हणून खोटी कंपनी. देशभर अशा कितीतरी. मालागाच्या पोरांनी सामाच्या पोरांना फोन करून वीस पाळणे मागवायचे, सामाच्या पोरांनी कागद पाठवायचे, मालागाच्या पोरांनी ‘माल मिळाला, आभारी आहोत’ असं कळवायचं. फोनसुद्धा या कंपन्यांच्या आपापसातच लागायचे. नंबर दिसायला नऊ आकडी, अगदी खराखुरा, पण बाहेरून कुणी फिरवला तर यंत्रातली बाई सांगायची, असा नंबर अस्तित्वात नाही.

“गोदामात आज उंदीर सापडला,” समोरच्या टेबलावरून इयान म्हणायचा. गोदाम आणि वाहतूक हे खातं त्याचं.

“मग?”

“मग काय? तोही कागदावरच निघाला.”

ओलाया हसायची. पण दुपारी घरी जाताना बँकेचा आपोआप उघडणारा काचेचा दरवाजा तिच्यासाठी उघडायला जरा वेळ लावायचा, आणि त्या दोन क्षणांत काचेत दिसणारी पोरगी तिला सूचीपत्रातली वाटायची.

घरी तेल्मो असायचा. दोन वर्षं तीन महिन्यांचा. त्याला सांभाळायचे ओलायाचे वडील सिल्वेरिओ. आयुष्यभर खाणीत भुयाराच्या छताला लाकडी टेकू देण्याचं काम केलेला माणूस, आता खाण बंद आणि पेन्शन सुरू. तेल्मोचा बाप बार्सिलोनाला गेला होता तो तिकडचाच झाला होता. त्याचं नाव घरात कुणी काढत नसे. तेल्मोचा पाळणा सिल्वेरिओनं खाणीतल्या उरलेल्या चेस्टनटच्या लाकडाचा केला होता. डावीकडे झुकला की ‘क्रीऽऽक’ करायचा, परत येताना बारीक ‘टिक’. तेल घालून झालं, मेण लावून झालं. शेवटी सिल्वेरिओ म्हणाला, “राहू दे. खाणीत लाकूड बोलायचं म्हणून आम्ही जिवंत बाहेर यायचो. मुकं लाकूड वाईट.” तेल्मोला तर त्या आवाजाशिवाय झोपच यायची नाही. आता त्याचे पाय पाळण्याच्या दांड्याला लागायचे, तरी मोठ्या पलंगावर नेलं की तो दोन्ही हात पसरून रडायचा.

शुक्रवारी वर्ग संपणार होता. त्यानंतरच्या मंगळवारी ओविएदोहून हॅनोव्हरला जाणारी बस होती. तिथल्या एका गोदामात, खऱ्या गोदामात, चुलतबहिणीनं तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती. तेल्मो मात्र सिल्वेरिओपाशी राहणार होता. “वर्षभराचा तर प्रश्न,” सगळे म्हणत. वर्षभरात पोराचे किती शब्द होतात, हे म्हणणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. परवाच तो ‘ढग’ म्हणायला शिकला होता.

एवढ्यात इथं नोकरी लागली असती तर गोष्ट वेगळी. महिन्यापासून ती दुपारच्या वेळी दारोदार अर्ज टाकत हिंडत होती. बावीस अर्ज. बेकरी, दवाखाना, टायरचं दुकान, चीझची डेअरी. प्रत्येक ठिकाणी हसून कागद हातात द्यायचा आणि ‘आम्ही फोन करू’ हे ऐकून बाहेर पडायचं. एकाचाही फोन आला नाही.

फोन आला तो दुसराच.

शेवटच्या आठवड्यातला सोमवार. बाराला पंधरा मिनिटं कमी होती.

“कुना नोर्ते, ओलाया बोलतेय. काय मदत करू?”

“नमस्कार. मी रेबोयालहून आम्पारो. आमचा पाळणा अजून पोचला नाही.”

ओलाया सावध झाली. या धंद्यात माल पोचला नाही असं कुणी कधी म्हणतच नाही. नसलेला माल पोचायला अडचण कसली? असं म्हणणारं गिऱ्हाईक एकच: वर्ग चालवणारे फेर्मिन सर. आधीच्या तुकड्यांनी सांगून ठेवलं होतं, की सर कॉफीच्या नावानं बाहेर जातात आणि शेजारच्या खोलीतून आवाज बदलून फोन करतात. कधी भांडखोर म्हातारा, कधी रडवेली बाई. तुम्ही डगमगता का ते बघतात आणि प्रमाणपत्रावर तसा शेरा मारतात. सर आत्ता कॉफीलाच गेले होते. ओलायानं पाठ ताठ केली.

“आपली गैरसोय झाल्याबद्दल दिलगीर आहोत. आपली तक्रार नोंदवून घेतली आहे, क्रमाने उत्तर मिळेल.”

“बरं,” पलीकडची बाई म्हणाली. मग थोडं थांबून, “क्रम लांब आहे का हो?”

इयाननं भुवया उडवल्या. ओलायानं रिसीव्हरवर हात ठेवून ओठांनीच सांगितलं, ‘सर.’ त्यानं अंगठा दाखवला.

मंगळवारी पुन्हा, त्याच वेळी.

“मी आम्पारो. खोली रंगवून झाली. पाळणा तेवढा राहिलाय.”

“आपली गैरसोय झाल्याबद्दल दिलगीर—”

“दिलगिरीत मूल निजवता येत नाही हो,” बाई म्हणाली. रागानं नाही. जशी एखादी शेजारीण जिन्यात थांबून सांगते तशी. “तुम्हाला आहे का मूल?”

“आहे. मुलगा.” हे उत्तर पाठ केलेल्यात नव्हतं; आपसूक निघून गेलं.

“झोपतो का नीट?”

“पाळण्यात झोपतो.”

“बघा म्हणजे,” बाई म्हणाली, आणि फोन ठेवला गेला.

फेर्मिन सर कॉफीचा कागदी पेला घेऊन आत आले तेव्हा ओलायानं त्यांच्याकडे कौतुकानं पाहिलं. साठीचा, मिशीवाला, दर वाक्याला खोकणारा माणूस. यांच्या गळ्यात एवढी मऊ बाई कुठं बसली असेल?

बुधवारी पाऊस होता, म्हणून सर कॉफीला गेले नाहीत. रेडिएटरला पाठ टेकून ते ओलायाच्या मागेच उभे होते, हातमोजे वाळवत. पावणेबाराला फोन वाजला.

“कुना नोर्ते, ओलाया बोलतेय.”

“मी आम्पारो.”

ओलायानं मान वळवली. सर तिच्याकडेच बघत होते. त्यांचं तोंड मिटलेलं होतं.

“आज तरी येईल का?” कानात आवाज म्हणाला. “दिवस भरत आलेत माझे.”

ओलायाच्या हातातलं पेन टेबलावरून घरंगळत खाली पडलं. कुणी उचललं नाही.

“सर,” ती हळूच म्हणाली, “मला वाटलं तुम्हीच आहात.”

“मी? काय?”

“आम्पारो. रेबोयालची. सोमवारपासून फोन करतेय. मला वाटलं, तुमची परीक्षा.”

सरांनी तिच्या हातून रिसीव्हर घेतला. घेतला म्हणण्यापेक्षा ओढला. “आम्पारो?” ते म्हणाले. वर्गातल्या बाराही पोरांनी माना वर केल्या, कारण वर्गात सर कुणालाही आडनावाशिवाय हाक मारत नसत. “आम्पारो, पोरी, तू आहेस?”

पलीकडून काही आलं नसावं. त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला, आणि इयानची खुर्ची ओढून तिच्यावर बसले.

“परीक्षेचे फोन मी नऊ वर्षांत एकदाही केलेले नाहीत,” ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं ते असं. नऊ वर्षांपूर्वी ते रेबोयालच्या अशाच एका वर्गावर होते, वरच्या दरीत, खाणकामगारांच्या जुन्या सोसायटीच्या माडीवर. आम्पारो तिथली. एकटी, हुशार, आठ महिन्यांची पोटुशी. त्या काळी खोटे फोन आणि बाहेरचे खरे फोन एकाच यंत्रावर यायचे. आणि सरांना आवाज बदलायची भारी हौस. त्या आठवड्यात त्यांनी तिला तीनदा गाठलं होतं. एकदा तर एका कारखान्याचा मालक होऊन नोकरी देऊ केली होती. ती हुरळली, वर्ग हसला, तीही हसली.

“चौथा फोन मी केला नव्हता,” सर म्हणाले. “तो खरा होता. हॉस्पिटलच्या धोबीखात्यात कारकुनाची जागा. सोमवारी या म्हणाले. तिला वाटलं, पुन्हा मीच. तिनं ठसक्यात सांगितलं, तुमची विनंती नोंदवून घेतली आहे, क्रमाने उत्तर मिळेल. आणि ठेवून दिला. मी तिच्या पाठीमागे दारातच उभा होतो, तिला दिसलो नाही. मला वाटलं, दुसऱ्या कुणा मास्तरानं केला असेल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.” ते खोकले. “मीही वाजवल्या.”

“मग?”

“चार दिवसांनी कळलं. तोवर जागा गेलेली. ती स्वित्झर्लंडला गेली, कुठल्याशा हॉटेलात चादरी बदलायला. तशा अवस्थेत. एक पत्र आलं, मग काही नाही. वर्ग बंद झाला.”

“आहे का ती?” इयाननं विचारलं. थट्टेचा मागमूस नव्हता आवाजात. “म्हणजे जिवंत?”

“कुणी सांगितलं नाही,” सर म्हणाले. “मी विचारलंही नाही.”

इयान उठून मागच्या लोखंडी कपाटाशी गेला. जुन्या ऑर्डरींच्या फायली त्याच्याच खात्याच्या. बराच वेळ धूळ झटकल्याचे आवाज आले. मग तो एक पिवळा पडलेला कागद घेऊन आला आणि ओलायासमोर ठेवला. रेबोयाल. एक पाळणा, लाकडी, झुलता. मागणी करणार: आम्पारो. खाली ‘माल पोचल्याची सही’ अशी चौकट, आणि ती चौकट नऊ वर्षं कोरी.

“पण सर,” ओलाया म्हणाली, “तिनं फोन केला कुठून?”

“तेच तर. रेबोयालची लाइन कधीच तोडलीय. आणि बाहेरून हा नंबर लागणं शक्यच नाही. जगातल्या कुठल्याही फोनवरून लावा, अस्तित्वात नाही म्हणूनच सांगणार.”

ओलायानं पिशवीत हात घातला आणि आपल्या अर्जाची उरलेली प्रत बाहेर काढली.

अर्ज तिनं वर्गातल्याच संगणकावर केला होता. कंपनीच्या पत्राचा साचा देखणा होता, तोच वापरला होता. पाच महिने रोज तीस-तीस पत्रं त्याच साच्यात लिहून तिची नजर मेली होती. वर तिचं नाव, शिक्षण, फोटो, सगळं तिचंच. आणि खाली, निळ्या रेघेखाली, ‘संपर्क’ या शब्दापुढे, कुना नोर्तेचा नंबर.

इयाननं वाचलं. “अगं बाई माझे,” तो म्हणाला.

बावीस दारं. कुणी फोन केला असेल तर तो कुठं वाजला असेल? जो नंबर नाहीच, तो वाजतो तरी कुठं?

त्या दुपारी ती खरा नंबर लिहिलेले कागद घेऊन पावसात पुन्हा फिरली. बेकरीची मालकीण म्हणाली, “अगं, मी केला होता की तुला! दोनदा केला. नंबरच नाही म्हणाली यंत्रातली. शेवटी माझ्या भाचीला घेतलं.” दवाखान्यात हेच. बाकीच्या ठिकाणी कागद घेतला, ठेवला, आम्ही फोन करू म्हणाले. डेअरी गावाबाहेर खिहोनच्या रस्त्याला होती. तिथं पोचेपर्यंत फाटक बंद झालं होतं. संध्याकाळी ती स्वयंपाकघरात येऊन बसली तेव्हा सिल्वेरिओ चण्याच्या आमटीत पळी फिरवत होता आणि तेल्मो टेबलाखाली एका बुटाला झोपवत होता. तिनं सगळं सांगितलं. आम्पारोचंही.

सिल्वेरिओ हसेल असं तिला वाटलं होतं. त्यानं गॅस बारीक केला.

“खाली आम्हाला कधी कधी ठोके ऐकू यायचे,” तो म्हणाला. “बंद केलेल्या भुयारातून. तीन, आणि मग एक.”

“मग तुम्ही काय करायचात?”

“काय करणार? उलट ठोके द्यायचो. माणूस ठोकतोय म्हटल्यावर उत्तर द्यायचं. कोण आहे ते नंतर बघता येतं.”

गुरुवारी पावणेबाराला फोन वाजला तेव्हा वर्गात कुणाचंही बोट कळफलकावर नव्हतं. सर खिडकीशी पाठमोरे उभे होते.

“मी आम्पारो,” आवाज म्हणाला. आज दमलेला. “पाळणा—”

“आम्पारो, ऐक,” ओलाया म्हणाली. तिनं वही मिटली. “क्रमबिम गेला खड्ड्यात. किती महिने झालेत तुला?”

“आठवा सरला.”

“पाळणा खोलीत कुठं ठेवायचाय?”

“खिडकीपाशी. पण वारा लागणार नाही असा.”

“आज आणते,” ओलाया म्हणाली. “मी स्वतः आणते. खरा आणते.”

“तुमच्या मुलाचा?” आम्पारोनं विचारलं. त्याचाच आणणार हे ओलाया बोललीच नव्हती. “त्याला लागेल ना?”

“मोठा झालाय तो,” ओलाया म्हणाली. “मलाच कबूल करायचं नव्हतं.”

दुपारी इयान मामाची पाव पोचवायची गाडी घेऊन दाराशी आला. “कारकिर्दीतली पहिली खरी डिलिव्हरी,” तो म्हणाला, पण हसला नाही. सिल्वेरिओनं पाळणा उचलून गाडीत ठेवला, वर घोंगडी टाकली आणि दोरी बांधताना एकदा तळहातानं लाकूड थोपटलं. तेल्मो त्याच्या कडेवरून बघत होता.

“वेलू,” त्यानं आजोबाला विचारलं, “बाळाला?”

“हो, बाळाला.”

“ट्टा,” तेल्मोनं पाळण्याला हात हलवला. तो रडला असता तर ओलायाला बरं वाटलं असतं.

रेबोयालची माडी नऊ वर्षं कुलपात होती. किल्ली सरांनी दिली होती, आणि ती इतकी चकचकीत होती की खिशात रोज फिरत असावी. आत बारा टेबलं, धुळीनं एकाच रंगाची झालेली. भिंतीवर २००४ सालचं कॅलेंडर. छताला ओल. खिडकीजवळच्या एका टेबलावर मात्र धूळ नव्हती. त्यावर फोन होता. त्याची तार टेबलाच्या पायाशी कापलेली, उंदराच्या शेपटासारखी पडलेली.

दोघांनी पाळणा खिडकीपाशी ठेवला, वारा लागणार नाही असा. भिंतीचा तेवढाच तुकडा फिकट पिवळा होता. ओलायानं बोट लावलं. बोटाला रंग लागला.

“चल,” इयान कुजबुजला. “पावती ठेव आणि चल.”

तिनं जुनी ऑर्डर आणि तिची पोचपावती टेबलावर ठेवली, वर पेन ठेवलं. मग, का कुणास ठाऊक, तिनं रिसीव्हरला हात लावला. तो कोमट होता. आत्ताच कुणीतरी कानावरून खाली ठेवल्यासारखा.

कुलूप तिनं स्वतः लावलं. जिना अर्धा उतरल्यावर वरून आवाज आला. क्रीऽऽक. टिक. दोघंही थांबले नाहीत, आणि गाडीत बसेपर्यंत एकमेकांकडे पाहिलंही नाही.

त्या रात्री तेल्मो मोठ्या पलंगावर तिच्या कुशीत झोपला. झोपण्याआधी बराच वेळ स्वतःच जिभेनं टिक टिक करत होता.

शुक्रवारी प्रमाणपत्रं वाटली गेली. खोट्या कंपनीत खरा केक कापला. पावणेबारा झाले आणि फोन वाजला नाही. ओलाया त्याच्याकडे बघत बसली. बारा वाजले. इयाननं तिच्यासमोर केकचा तुकडा ठेवला. “पोचला म्हणायचा,” तो म्हणाला.

बारा वाजून पाच मिनिटांनी कोपऱ्यातला फॅक्स गुरगुरला.

तोही कंपन्यांच्या आपापसातलाच. एक कागद हळूहळू बाहेर आला. पोचपावती. चौकटीत सही: आम्पारो, गोल, शाळकरी अक्षर. आणि सहीखाली, घाईघाईनं लिहिल्यासारख्या दोन ओळी:

‘पाळणा मिळाला. तुमच्यासाठी निरोप आहे. सोमवारी नऊ वाजता, खिहोनच्या रस्त्यावरची डेअरी, एर्मिनियाबाईंना भेटा. तुम्ही येता असं मी सांगितलंय.’

सरांनी तो कागद दोन्ही हातांनी धरून वाचला. मग घडी घालून ओलायाला परत दिला. “जा,” एवढंच म्हणाले. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी तिला अहोजाहो केलं नव्हतं. “आणि मला विचारू नकोस, मी केलंय का. मी केलेलं नाही, पोरी. शपथ घेतो.”

शनिवार-रविवार ती त्या कागदाशी भांडत राहिली. बॅग अर्धी भरलेली पलंगाखाली होती, बसचं तिकीट आरशाला खोचलेलं होतं. सोमवारी सव्वाआठला तिनं कोट घातला. “उत्तर द्यायचं,” सिल्वेरिओ तेल्मोच्या तोंडात पाव भरवत म्हणाला. “कोण आहे ते नंतर.”

डेअरीचं फाटक उघडं होतं. ऑफिसात ताकाचा आंबूस वास होता. पांढरे रबरी बूट घातलेली एक आडव्या बांध्याची बाई फायलींच्या ढिगामागून उठली. तिच्या हातात ओलायाचा अर्ज होता. पहिला, निळ्या रेघेचा.

“ओलाया ना? ये. मीच एर्मिनिया. नऊला पाच कमी आहेत. वेळेवर येईल म्हणाली होती तुझी मैत्रीण.”

“कोण मैत्रीण?” ओलायानं विचारलं.

“तुझ्या ऑफिसातली, आणखी कोण. शुक्रवारी अकराच्या सुमाराला केला मी फोन. आधी दोनदा ते यंत्र बोललं, नंबर अस्तित्वात नाही. मी तशी हट्टी. तिसऱ्यांदा लावला, तर पहिल्याच घंटेला उचलला तिनं. म्हणाली, ओलाया जागेवर नाही, पण तिला ही नोकरी हवीय. सोमवारी नऊला येईल. गोड मुलगी. जरा विचित्र आहे, राग मानू नकोस.”

“विचित्र कशी?”

“तीन-तीनदा विचारलं तिनं मला. हे खरंच आहे ना बाई? नक्की खरं? परीक्षा नाही ना कुणाची? मी म्हटलं, अगं, ऑर्डरी घ्यायच्या आणि चीझचे ट्रक मोजायचे, त्यात कसली आलीय परीक्षा! मग रडलीच बहुतेक.” एर्मिनियाबाईंनी करार टेबलावर सरकवला, वर पेन ठेवलं. “मला आणखी एक माणूस लागणारच आहे. तिला म्हटलं, तूही ये की. तर म्हणाली, आता नाही जमायचं, बाळ आत्ताच निजलंय.”

ओलायानं पेन उचललं. कागदावर तिचं नाव होतं, खरं, काळ्या शाईत.

“ऑफिसात लेकरू घेऊन बसू देतात हे मात्र चांगलं हो,” एर्मिनियाबाई म्हणाल्या. “पण त्या पाळण्याला तेल घाला म्हणावं. सारखं आपलं क्रीऽऽक, आणि मग टिक. ऐकूच येईना मला, म्हणून मोठ्यानं बोलायला लागले, तर तीच म्हणाली, जरा हळू बोला.”

ओलायानं सही केली. सही नीट आली.

“कधीपासून येऊ?” तिनं विचारलं, आणि आपण कुजबुजतोय हे तिच्या लक्षात आलं.

“आजपासूनच,” एर्मिनियाबाई म्हणाल्या. का ते त्यांनाही कळलं नसावं, पण त्यांनीही आवाज खाली आणला होता.